जुन्या बटणांच्या फोनमधले नंबर आणि तारखा कॉम्प्युटरवर कशा आणायच्या

अण्णाकाकांच्या फोनला रबरबँड लावलेला असतो, कारण मागचं झाकण आता बसत नाही. ५ आणि ८ ही बटणं आंब्याच्या चिकाने नि बोटाने पार पुसली गेलीत. देवगडजवळच्या आमच्या गावात याच फोनवर दर चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्यांचं बोलणं चालतं. पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं, वाशीचे दलाल, टेम्पोवाला, खोकी ठोकून देणारा मेस्त्री, सगळे त्या डबीत बसलेत. गेल्या वर्षी फोन मध्येच बंद पडायला लागला तेव्हा त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि एवढंच विचारलं, "रे, नंबर जातले नाय मां?"

नंबर गेले नाहीत, पण पहिल्या दिवशी मी घोळ घातला. कॉम्प्युटरवर त्यांच्या गिऱ्हाइकांची एक जुनी यादी होती. फोन जोडला, दोन्ही बाजूंनी सिंक करायचं, म्हणजे दोन्हीकडच्या याद्या एकसारख्या करायचं बटण दाबलं आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर तीनशेच्या आसपासचे नंबर साडेपाचशेच्या वर गेलेले. फोनमध्ये "टेंपो", यादीत "टेम्पो", आणखी एका ओळीत "टेम्पोवाला". माणूस एक, नोंदी तीन. सिंक करणारा प्रोग्राम दोन्ही यादींना सारखाच मान देतो. कुठली खरी, कुठली शिळी हे त्याला कळत नाही. नाव जरा वेगळं लिहिलं की त्याच्या लेखी तो वेगळा माणूस. वर ती सगळी खिचडी त्याने काकांच्या फोनमध्येही परत भरून ठेवली होती.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आधी फोनची नक्कल कॉम्प्युटरवर घ्यायची, मग कॉम्प्युटरवर निवडून-टिपून साफ करायची आणि मग तीच साफ यादी एका दिशेने फोनमध्ये परत पाठवायची. जुन्या फोनच्या बाबतीत दोन्ही दिशांचं सिंक विसरून जा. पुढचं सगळं याच क्रमाने सांगतो.

फोन कुठल्या जातीचा?

बॅटरी काढली की खाली चिकटवलेल्या कागदावर मॉडेल लिहिलेलं असतं. पण बॅटरी काढल्यावर बऱ्याच जुन्या फोनचं घड्याळ मागे जातं, तारीख थेट २००० सालात जाऊन बसते. म्हणून बॅटरी परत घातल्यावर तारीख-वेळ आधी नीट लावा. कॅलेंडरच्या कामात हे पुढे नडतं. बॅटरी हातात आहे तोवर ती टेबलावर आडवी ठेवून बोटाने फिरवून बघा. गरगर फिरली तर पोटाला फुगलीय. अशी बॅटरी घालून तासभर केबलला लावून ठेवू नका, आधी नवीन आणा.

बॅटरी न काढताही काम होतं. नोकियाच्या फोनवर स्टार, हॅश, चार शून्य, हॅश असं दाबलं की आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि फोनचा प्रकार दिसतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं तर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक येतो. हे दाबणं कुठल्याही कंपनीच्या फोनवर चालतं. तो क्रमांक वहीत लिहून ठेवा, फोन हरवला तर लागतो.

मग फोनची कड बघा. नुसतं बारीक गोल पिनचं चार्जिंगचं भोक असेल आणि ब्लूटूथही नसेल, तर फोन कॉम्प्युटरशी बोलणार नाही. त्याच्यासाठी सिमचा रस्ता आहे. रुंद चपटं सॉकेट किंवा मायक्रो यूएसबीचं भोक असेल, तर केबलचा रस्ता. मेनूत ब्लूटूथ असेल तर बहुतेक काम तिथेच उरकतं. मेमरी कार्डाची खाच असेल तर आणखी बरं. २०१७ साली आलेला जिओफोन आणि त्याच्यासारखे कायओएस या प्रणालीवर चालणारे फोन या सगळ्यांपेक्षा सोपे: नंबरांच्या यादीच्या सेटिंगमध्येच मेमरी कार्डावर नंबर काढायची सोय असते. कार्ड काढा, कॉम्प्युटरला लावा. त्यांच्याविषयी याहून जास्त लिहायची गरज नाही.

नंबर सिममध्ये की फोनमध्ये?

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांना हे माहीत नसतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. साध्या फोनमध्ये नंबर दोन ठिकाणी राहतात. एक सिमकार्डात, दुसरं फोनच्या स्वतःच्या मेमरीत. पडद्यावर दोन्ही एकत्रच दिसतात, म्हणून फरक कळत नाही. यादीच्या सेटिंगमध्ये जाऊन "कुठली मेमरी वापरायची" तिथे आधी नुसतं सिम निवडा आणि किती नंबर दिसतात ते मोजा, मग नुसता फोन निवडा.

सिममध्ये साधारण २५० नोंदी मावतात. एका नोंदीत एकच नंबर, आणि नावाला जागा अगदी थोडी, बहुतेक सिममध्ये इंग्रजी चौदा-पंधरा अक्षरांची. मराठीत नाव लिहिलं तर त्याहून कमी. कारण आपण जे एक अक्षर म्हणून वाचतो ते फोन तुकड्यांत मोजतो. "मेस्त्री" आपल्याला दोन-तीन अक्षरांचा वाटतो. फोनच्या हिशेबाने म, मात्रा, स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार, असे आठ. "मेस्त्री खोकीवाला" सिममध्ये गेला की "मेस्त्री खो" होऊन बसतो. मग तो खोकीवाला की खोपोलीचा, हे तुम्हीच आठवत बसा.

म्हणून फोनमधले नंबर सिममध्ये कधीच ढकलू नका. माणसाचे दोन नंबर असतील तर दुसरा गळतो, नावं तुटतात. उलट करा: सिममधले सगळे फोनच्या मेमरीत घ्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. सिम बदलून नवीन, ४जी वालं घेतलं की जुन्या सिममधले नंबर नव्यात आपोआप येत नाहीत. फोन नंबर तोच राहतो, म्हणून माणसाला वाटतं की सगळं तेच असणार. आमच्या शेजारच्या काकूंनी असंच सिम बदललं आणि दुकानदाराने जुनं सिम त्यांच्यादेखत कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं. माहेरचे सगळे नंबर त्यात. सिम बदलायला जाण्याआधी नक्कल घ्या, आणि जुनं सिम बंद झालं तरी मागून घ्या. त्याच्यावर फोन लागणार नाही, पण आतले नंबर वाचता येतात.

सिमचा रस्ता म्हणजे काय, तर सिम कुणाच्या तरी अँड्रॉइड फोनमध्ये घालायचं, तिथल्या नंबरांच्या अ‍ॅपमध्ये सिममधून आयात करायचं आणि विचारल्यावर फोनऐवजी गूगल खातं निवडायचं. खातं तुमचं असू द्या, फोनवाल्याचं नको. नाहीतर तुमचे दलाल पुतण्याच्या यादीत आणि पुतण्याचे मित्र तुमच्या यादीत. अडचण येते ती सिमच्या आकाराची. जुनं मोठं सिम आजच्या खाचेत बसत नाही. कापून घेण्यापेक्षा यूएसबीला लागणारा सिम रीडर मिळाला तर बघा, किंवा जरा जुना अँड्रॉइड शोधा. गावात एखाद्या कपाटात तो असतोच.

केबल, ब्लूटूथ आणि आपली खारी हवा

समुद्रापासून दोन-चार किलोमीटरवर राहणाऱ्यांना सांगायला नको, पण फोनच्या सॉकेटमधल्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. खारी दमट हवा धातू खाते. फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही, तेव्हा निम्म्या वेळा कारण हेच. फोन बंद करा, बॅटरी काढा, सुक्या मऊ ब्रशने सॉकेट झाडा, आणि थर घट्ट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलात कापूस किंचित भिजवून पुसा. पूर्ण वाळू द्या. रॉकेलने पुसणारे महाभाग मी पाहिलेत. त्याने तेलकट थर राहतो आणि धूळ आणखी बसते.

उरलेल्या निम्म्या वेळा दोष केबलचा. चार्जरबरोबर येणाऱ्या स्वस्त केबलीत फक्त विजेच्या दोन तारा असतात, माहितीच्या तारा नसतातच. दिसायला अगदी सारखी. दुकानात मागताना "डेटा केबल" म्हणून मागा आणि शक्य असेल तर तिथेच फोन जोडून बघा. जुन्या नोकियांच्या चपट्या सॉकेटसाठी सीए-५३, डीकेयू-२ अशा नावांच्या केबल्या होत्या, मायक्रो यूएसबीसाठी सीए-१०१. रत्नागिरी-कणकवलीत फोन दुरुस्त करणाऱ्यांच्या खणात एखादी पडलेली असते. नवीन शोधत बसण्यापेक्षा तिथे विचारा.

केबल लावली की फोन विचारतो, कुठल्या पद्धतीने जोडू? इथे घाईत "मास स्टोरेज" निवडलं जातं आणि मग फक्त गाणी-फोटो दिसतात. नंबरांसाठी "पीसी सूट" किंवा "नोकिया मोड" असं जे लिहिलेलं असेल ते निवडा.

पहिली नक्कल

नोकियाचे पीसी सूट, ओव्ही सूट, नोकिया सूट हे प्रोग्राम कंपनीने कधीच बंद केलेत. कुठल्या तरी जुन्या कॉम्प्युटरवर ते आधीपासून असतील तर सोन्याहून पिवळं. नसतील तर कुठल्याही साइटवरून उतरवायच्या आधी दहा वेळा विचार करा. असल्या जुन्या प्रोग्रामांबरोबर नको ते पाहुणेही येतात. मी आता वापरतो ते वामू, म्हणजे गामू या मुक्त प्रोग्रामाचं खिडक्या-बटणांचं रूप. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, पैसे नाहीत, जुने नोकिया आणि इतर बरेच फोन ओळखतं. फोन जोडायचा, शोधायला सांगायचं, सापडला की बॅकअप घ्यायचा. लिनक्सवर फोन सापडूनही परवानगी नाकारली जात असेल तर वापरकर्त्याला "डायलआउट" गटात घालावं लागतं. सोनी एरिक्सन असेल तर विंडोजवर मायफोनएक्स्प्लोरर उत्तम, तो मुळात त्याच फोनांसाठी बनला होता.

एवढं सगळं करायचं नसेल तर ब्लूटूथ. विंडोजमध्ये एक खोच आहे: आधी कॉम्प्युटरवर ब्लूटूथच्या चिन्हावर उजवी क्लिक करून "फाइल मिळवा" ही खिडकी उघडून ठेवावी लागते, मगच फोनवरून पाठवायचं. नाहीतर फोन म्हणतो पाठवता येत नाही, आणि माणूस फोनला शिव्या घालतो. मोठ्या पडद्याच्या, सिंबियन प्रणालीच्या फोनमध्ये सगळ्या नावांवर खूण करून एकदम पाठवता येतं. साध्या फोनांत बहुधा एकेकच. तीनशे नंबर एकेक करून पाठवायचे म्हणजे एक पावसाळी दुपार जाते. रेडिओ लावून बसा.

मेमरी कार्ड असलेल्या सिरीज ४० नोकियांत, म्हणजे नोकियाच्या साध्या फोनांत, मला सगळ्यात आवडणारी युक्ती आहे. फोनच्या सेटिंगमधून बॅकअप घ्या, तो कार्डावर एनबीएफ शेपटाच्या फाइलीत बसतो (शेपूट म्हणजे फाइलीच्या नावात टिंबानंतर येणारी अक्षरं). कार्ड कॉम्प्युटरला लावा, फाइलीची आणखी एक प्रत काढा आणि त्या प्रतीचं शेपूट बदलून झिप करा. उघडली की आत फोल्डरांच्या फोल्डरांत एकेका माणसाची छोटी फाइल सापडते. बॅकअप पीसी सूटने घेतलेला, एनबीयू शेपटाचा असेल तर ही युक्ती चालत नाही. त्याला एनबीयू एक्स्प्लोरर नावाचा मोफत प्रोग्राम उघडतो. मेलेल्या फोनचा जुना बॅकअप कॉम्प्युटरवर पडून असेल तर तोही असाच वाचता येतो.

रस्ता कुठलाही असो, हाती येते ती व्हीकार्ड, म्हणजे व्हीसीएफ शेपटाची फाइल. फोनबुकाची ही जणू सगळ्यांची सामाईक बोली. फरक आवृत्तीचा: जुने फोन १९९६ची २.१ आवृत्ती बोलतात, गूगल ३.० देतं. ही फाइल नोटपॅडात उघडून घाबरू नका. मराठी नावांच्या जागी बरोबरच्या (=) चिन्हांची आणि इंग्रजी अक्षर-आकड्यांची माळ दिसते. जुन्या आवृत्तीत देवनागरीचा प्रत्येक तुकडा नऊ चिन्हांत लिहिला जातो. आपला "मेस्त्री" तिथे बहात्तर चिन्हांचा होतो. नाव बिघडलेलं नाही, फक्त गुंडाळलेलं आहे. हाताने काही दुरुस्त करायला जाऊ नका.

ही पहिली फाइल जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये ठेवा, नावात तारीख घाला आणि तिला परत हात लावू नका. पुढे काही बिनसलं तर इथवर परतता येतं. माझ्या त्या साडेपाचशेच्या खिचडीतून काकांचे मूळ नंबर परत मिळाले ते त्यांच्या मेमरी कार्डावरच्या जुन्या बॅकअपमुळे. माझ्या हुशारीने नव्हे.

साफसफाई

फाइल थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रामातल्या पत्त्यांच्या वहीत किंवा गूगलच्या काँटॅक्ट्समध्ये आयात करा. गूगलवर बिघडलं तर गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या वेळेवर सगळी यादी परत नेता येते, म्हणून नवख्याला मी तेच सुचवतो. दुहेरी नोंदी शोधून जोडायची सोयही तिथे आहे, पण ती सुचवेल ते सगळं एका झटक्यात मान्य करू नका. आमच्याकडे एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरं, त्यात तीन-चार जणांची नावंही सारखी. गूगलला ते एकच वाटतात.

एक्सेलमध्ये यादी उघडायचा मोह टाळा. निदान सरळ दोनदा क्लिक करून उघडू नका. एक्सेलला फोन नंबर म्हणजे रक्कम वाटते. पुढचं शून्य तो खातो आणि ९१ ने सुरू होणारा बारा आकडी नंबर "९.१९ई+११" असा आकसून दाखवतो. त्याच अवस्थेत जतन केलं की शेवटचे आकडे कायमचे गेले. लिबरऑफिस कॅल्क उघडताना विचारतो. तिथे अक्षरांसाठी यूटीएफ-८ ही पद्धत आणि नंबरच्या रकान्याला "मजकूर" निवडा. मराठीही शाबूत राहते.

नंबर सगळे अधिक ९१ आणि दहा आकडे या एकाच वळणाचे करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे. घरच्या टेलिफोनांचं पुढचं शून्य काढायचं: रत्नागिरीचा ०२३५२ असेल तर अधिक ९१, मग २३५२, मग घरचा नंबर. मालवणचा ०२३६५ तसाच. फोनमध्ये ९५ ने सुरू होणारे, मोजले तर बारा आकडी भरणारे नंबर सापडले तर ते मोबाइल नव्हेत. राज्यातल्या राज्यात एसटीडी करताना शून्याऐवजी ९५ लावायचे त्या काळातले ते अवशेष. ९५ काढा, बाकीचा कोड आहे. तो टेलिफोन अजून चालू आहे का, हा वेगळा प्रश्न; काकांच्या यादीतले निम्मे कधीच बंद झालेले निघाले. आणि अजून घरी टेलिफोन असेल तर लक्षात असू द्या, १५ जानेवारी २०२१ पासून त्यावरून मोबाइलला लावताना पुढे शून्य लावावं लागतं. ते बोटाने लावा, यादीत घालू नका.

नावांचं मात्र माझं मत ठाम आहे. जुन्या फोनमध्ये शोध पहिल्या अक्षरावर चालतो, तेव्हा माणूस ज्या नावाने आठवतो ते पहिलं. मी काकांच्या यादीत अगदी सरकारी थाटात आडनाव, नाव, बापाचं नाव असं लावून दिलं होतं. दोन दिवसांत फोन परत आला. त्यांना लाइट गेल्यावर "वायरमन" हवा असतो, त्याचं आडनाव नव्हे. आता यादी अशी आहे: "वायरमन खालची वाडी", "वायरमन तिठा", "बर्फ जेटी", "भटजी", "भटजी दुसरे". हीच बरोबर आहे. आपली शिस्त दुसऱ्याच्या फोनवर लादू नये.

तारखा

कॅलेंडरची भाषा नंबरांपेक्षा हट्टी आहे. जुने फोन व्हीकॅलेंडर, म्हणजे व्हीसीएस शेपटाची फाइल देतात. आजचे प्रोग्राम आयकॅलेंडर, म्हणजे आयसीएस मागतात. भाऊ-भाऊ असले तरी एकमेकांचं पटत नाही. वामूला जतन करताना आयसीएस निवडायला सांगा, किंवा व्हीसीएस फाइल आउटलुकमध्ये उघडून पुढे न्या. गूगल कॅलेंडरमध्ये फाइल घालताना ती १ एमबीच्या आत असावी लागते. साध्या फोनच्या नोंदी एवढ्या मोठ्या होतच नाहीत. एक मात्र करा: गूगलमध्ये आधी एक नवीन रिकामं कॅलेंडर बनवा आणि त्यातच आयात करा. बिघडलं तर ते एक कॅलेंडर पुसलं की झालं, बाकीच्या नोंदींना धक्का नाही.

आता साडेपाच तासांचा घोळ. काकांची सकाळी ६ची नोंद होती, टेम्पो भरायचा. कॉम्प्युटरवर ती साडेअकराला दिसू लागली. कारण भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. फाइलीत वेळेच्या मागे झेड हे अक्षर असेल तर ती जागतिक वेळ समजली जाते, आणि फोनने तिथे आपली स्थानिक वेळच झेड लावून लिहिली तर सगळं साडेपाच तास पुढे पळतं. उलटं झालं तर सकाळची ६ची नोंद मध्यरात्री साडेबाराला वाजते आणि घरदार उठतं. उपाय: फोनच्या घड्याळाच्या सेटिंगमध्ये टाइम झोन बघा, अधिक ५:३० करा, मग पुन्हा नक्कल घ्या. आणि सगळ्या नोंदी आणण्याआधी एकच आणून वेळ ताडून बघा.

पुढचा घोळ फोनचा नाही, पंचांगाचा आहे, आणि आपल्याकडे तो सगळ्यांचाच होतो. "दरवर्षी पुन्हा" ही सोय इंग्रजी तारखेला चिकटलेली असते. विम्याचा हप्ता, लग्नाचा वाढदिवस, १ जून ते ३१ जुलैची ६१ दिवसांची मासेमारीबंदी यांना ती ठीक. पण गणेश चतुर्थी २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला, २०२६ साली १४ सप्टेंबरला. काकांच्या फोनमध्ये कुणीतरी एकदा "दरवर्षी" लावून ठेवल्यामुळे गणपती कित्येक वर्षं एकाच तारखेला येत होते. वडिलांचं श्राद्धही तसंच. अशा तिथीच्या नोंदींचं "पुन्हा" काढून टाका आणि दिवाळीनंतर नवीन दिनदर्शिका घरात आली की त्या वर्षाच्या तारखा कॉम्प्युटरवर एका बैठकीत भरा. आंगणेवाडीच्या जत्रेला तर तिथीही लागू नाही. देवीचा कौल मिळाल्यावरच तारीख ठरते. ती जाहीर झाल्यावर हाताने घाला.

मुंबईकरांच्या गाडीची नोंद मात्र जरूर ठेवा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. २०२६ साली १२ सप्टेंबरला निघायचं असेल तर आठवण १४ जुलैची हवी, तीही आदल्या रात्रीच्या गजरासकट. जुन्या हिशेबाच्या चार महिने आधीच्या आठवणी कुणाच्या फोनमध्ये अजून वाजत असतील तर काढून टाका.

भरती-ओहोटीच्या वेळा कॅलेंडरमध्ये "रोज पुन्हा" लावून ठेवता येतील का, असं मला खाडीपलीकडच्या एका दादाने विचारलं होतं. नाही. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. त्याला फोन लागतच नाही खरं तर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते. पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ. हे त्यानेच मला शिकवलं होतं.

परत फोनमध्ये

साफ यादी फोनमध्ये पाठवण्याआधी तीनच नोंदी पाठवून बघा: एक मराठी नावाची, एक दोन नंबरांची, एक टेलिफोनची. मराठीच्या जागी चौकोन दिसले तर त्या फोनला देवनागरी येत नाही, यादी इंग्रजी अक्षरांत करावी लागेल. दुसरा नंबर गळला तर त्या माणसाच्या दोन नोंदी करा, "दलाल वाशी १", "दलाल वाशी २".

गूगलची ३.० आवृत्तीची फाइल बरेच जुने फोन घेत नाहीत, आणि ब्लूटूथने पाठवलेल्या मोठ्या फाइलीतलं फक्त पहिलंच नाव उचलून गप्प बसतात. "एकच नंबर आला" ही तक्रार असेल तर ती याचीच. वामूसारख्या प्रोग्रामातून भरलं की ही भानगड राहत नाही. भरण्याआधी फोनमध्ये किती नोंदी मावतात ते बघा, पहिली नक्कल जागेवर आहे याची खात्री करा, मग फोनमधली जुनी यादी पुसा आणि नवी भरा. पुसताना हात कापतो. मी अजूनही आधी फाइल उघडून दोन-चार नावं वाचतो आणि मगच पुसतो.

काही जुन्या फोनांच्या मेनूत "सिंक्रोनायझेशन" असा पर्याय दिसेल. तो सिंकएमएल नावाच्या पद्धतीचा. गूगलने त्याला असलेला आधार २०१३ साली काढून घेतला. तिथे वेळ घालवू नका.

यापुढे नवीन नंबर आला की तो कुठे लिहायचा, हे घरात एकदा ठरवून टाका. आमच्याकडे नवा नंबर काका फोनमध्ये घालतात आणि मी वर्षातून दोनदा, मृग लागायच्या आधी आणि गणपती गेल्यावर, तेवढे नवीनच कॉम्प्युटरवर उतरवतो. बाकी यादी कॉम्प्युटरवरची खरी.

मृगाआधी यासाठी, की पावसात लाइटचा भरवसा नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. कॉम्प्युटर बंद, फोन बंद, गूगल तर दूरच. म्हणून साफ यादी छापून घ्या, मोठ्या अक्षरांत, दोन पानांत बसेल अशी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आमची देव्हाऱ्याखालच्या खणात असते. काकांनी तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने चार नवीन नंबर लिहून ठेवलेत. दोन वाचता येतात, उरलेले दोन त्यांना विचारायचे आहेत.